एलएसईचं फायनान्स मास्टर्स इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी घ्यावं का?

लंडनमध्ये इन्व्हेस्टमेंट बँकिंग (कंपन्यांना भांडवल उभारायला, दुसऱ्या कंपन्या विकत घ्यायला मदत करायचं काम) करायचंय असं ठरवलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या यादीत एलएसई, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, पहिल्या तीनात असतंच आणि ते बरोबरच आहे, मी स्वतः तिथून मास्टर्स केलंय आणि मनापासून सांगते कॉलेज एक नंबर आहे. पण नुसतं रँकिंग बघून फी भरू नका. एक वर्षाच्या मास्टर्सचं गणित खूप वेगळं आहे आणि ते कोणी नीट समजावून सांगत नाही.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे जागा. कॉलेज हॉलबर्नजवळ हॉटन स्ट्रीटवर, भर शहरात. गोल्डमन सॅक्स या बँकेचं ऑफिस शू लेनला आहे, चालत जाता येतं, आणि जेपी मॉर्गन, मॉर्गन स्टॅनली, सिटी वगैरे कॅनरी व्हार्फला, म्हणजे ट्यूबने साधारण अर्धा तास. त्यामुळे बँकेतली माणसं ऑफिस सुटल्यावर कॅम्पसवर बोलायला येतात, आणि तुम्ही दुपारी एखाद्या सीनियरला कॉफीला भेटून परत लेक्चरला हजर राहू शकता. वॉरिक युनिव्हर्सिटीपण बँकांच्या टार्गेट यादीत, म्हणजे जिथून त्या मुद्दाम मुलं घेतात त्या यादीत, आहे (ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल, यूसीएल पण आहेत), पण ते कोव्हेंट्रीत, प्रत्येक भेटीसाठी तासाभराची ट्रेन पकडा.

शिकवणं दणकट आहे. कॉर्पोरेट फायनान्स, ॲसेट प्रायसिंग (शेअर-बाँडची किंमत कशी ठरते ते), गणित भरपूर, थिअरी भरपूर. पण इंटरव्ह्यूला लागणारं डीसीएफ (पुढच्या कमाईवरून कंपनीची किंमत काढणं), एलबीओ (कर्ज काढून कंपनी विकत घेण्याचं गणित) एक्सेलमध्ये फटाफट बांधायचं तर हात सरावानेच बसतो, तो येण्याआधीच बसवून घ्या.

आता मुख्य मुद्दा, टायमिंग. क्लास सुरू होतात सप्टेंबरच्या शेवटी. पुढच्या समरच्या इंटर्नशिपचे (पक्क्या नोकरीची ऑफर बहुधा तिच्यातूनच येते) फॉर्म बऱ्याच बँका त्याआधीच, उन्हाळ्यातच उघडतात आणि बरेचसे रोलिंग बेसिसवर भरतात, म्हणजे जो आधी येईल त्याचा आधी विचार. ऑगस्टमध्ये तुम्ही पुण्यात बसून व्हिसाची वाट बघत असता तेव्हा सीव्ही तयार पाहिजे, न्यूमेरिकल टेस्टचा (बँका घेतात त्या आकडेमोडीच्या परीक्षेचा) सराव झालेला पाहिजे आणि सीव्हीवर आधीची एखादी खरी इंटर्नशिप पाहिजे. लंडनला पोचल्यावर बघू म्हणणाऱ्यांसाठी ऑक्टोबर संपेपर्यंत बरीच दारं बंद झालेली असतात. समोर स्पर्धेला कोण, तर तिथेच बॅचलर्स करणारी मुलं, ज्यांनी पहिल्याच वर्षी स्प्रिंग वीक, म्हणजे बँकेतली छोटी ओळख-इंटर्नशिप, केलेला असतो.

आणि हे फार कमी लोक बघतात: कोर्स संपतो कधी. एलएसईचं एमएस्सी फायनान्स १० महिन्यांचं आहे, त्यामुळे जून ते ऑगस्टची समर इंटर्नशिप फुल टाइम करता येते. इंग्लंडमधले पुष्कळ मास्टर्स सप्टेंबरपर्यंत चालतात, शेवटी डिझर्टेशन (प्रबंध) असतं, आणि स्टुडंट व्हिसावर तो काळ टर्मच धरतात म्हणून आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. मग टार्गेट युनिव्हर्सिटीचं नाव असूनही समर हातचा गेला. माझ्या मते युनिव्हर्सिटी निवडताना रँकिंगच्या आधी ही तारीख विचारावी. समर नाही मिळाला तर डिग्रीनंतर ऑफ-सायकल इंटर्नशिप (नेहमीच्या समरच्या वेळेबाहेरची) असते, ३ ते ६ महिन्यांची, ती ग्रॅज्युएट रूट व्हिसावर (डिग्रीनंतर तिथे राहून काम करायचा व्हिसा) करता येते. तो व्हिसा २ वर्षांचा, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार, तेवढं डोक्यात ठेवा.

खर्चाचं स्पष्ट सांगते. फीच ४० हजार पौंडांच्या वर, वर लंडनचं भाडं आणि खाणं, मिळून ६० लाखांच्या पुढे सहज. एवढं कर्ज फक्त "नंतर मुंबईत बीकेसीला नोकरी करीन" यासाठी घेऊ नका प्लीज. मुंबईतल्या बँकांच्या डील टीममध्ये (कंपन्यांचे व्यवहार जुळवणाऱ्या टीममध्ये) शिरायला अहमदाबाद, बंगलोर, कलकत्त्याचं आयआयएम किंवा सरळ सीए, हे रस्ते जास्त पक्के आहेत. लंडनमध्येच राहायचंय, आधी एक-दोन वर्षं कामाचा अनुभव आहे आणि गणिताची भीती नाही, अशांनी मात्र बिनधास्त घ्या, मी पाचपैकी चार स्टार देईन.

बाबासाहेब इथेच शिकले, १९२१ ला एमएस्सी आणि १९२३ ला डीएस्सी, आणि डीएस्सीचा प्रबंध तर रुपयाच्या प्रश्नावर. कॉलेजमध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे, तो पहिल्यांदा बघताना फार भरून येतं.

घरात कोणी अकरावी-बारावीत असेल आणि पैशाची खरंच सोय असेल तर मास्टर्सऐवजी तिथलं ३ वर्षांचं बॅचलर्सच बघा. स्प्रिंग वीक, मग दुसऱ्या वर्षाची समर इंटर्नशिप, आणि शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत ऑफर, ही पूर्ण शिडी बॅचलर्सवाल्यांनाच मिळते. त्यासाठी गणित मात्र सोडू देऊ नका, फायनान्स आणि इकॉनॉमिक्सच्या ॲडमिशनला तेच आधी बघतात.