आधी एरेटर बसवावा की फ्लशची टाकी बदलावी?

घरातलं पाणी वाचवायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात: नळांना एरेटर लावा, किंवा जुनी फ्लशची टाकी बदला. दोन्ही एकदम जमणार नसेल तर माझा कौल फ्लशला.

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी छोटी जाळी. ती धारेत हवा मिसळते, त्यामुळे मिनिटाला आठेक लिटर सोडणारा नळ साडेपाच-सहावर आला तरी धार भरीव लागते. बसवायला पाच मिनिटं पुरतात. पण फायदा फक्त वाहत्या नळाखाली, म्हणजे हात धुताना, भांडी विसळताना. बादली किंवा पातेलं भरताना त्यात मावेल तेवढंच पाणी जाणार. फक्त भरायला वेळ जास्त लागेल. ज्या घरात बहुतेक कामं बादलीतल्या पाण्यावर होतात, तिथे एरेटरवर फार भिस्त ठेवू नये. पाणी क्षारांचं असेल तर जाळी चोंदते. व्हिनेगरमध्ये भिजवली की मोकळी होते.

फ्लशचं गणित मोठं आहे. जुन्या टाक्या एका वेळी 13 लिटर, कधी त्याहूनही जास्त पाणी ओततात. दोन बटणांच्या टाकीत मोठ्या बटणाला साधारण 6 आणि छोट्याला 3 लिटर लागतात. चार माणसांनी दिवसातून पाच-पाच वेळा फ्लश केलं, तर जुनी टाकी 260 लिटर पिते. नवीत माणशी एकदा मोठं आणि चारदा छोटं बटण धरा: 72 लिटर. हा फरक पाहिल्यावर मला तरी दुसरा विचार सुचत नाही.

अडचण एकच, पण खरी. संडासाचं जुनं भांडं कमी पाण्यात नीट साफ होत नाही, मग दोनदा फ्लश करावं लागतं आणि बचत तिथेच संपते. म्हणून टाकी आणि भांडं जोडीनेच बदलावं. भाड्याच्या घरात ते शक्य नसेल तर टाकीत पाण्याने भरलेली, घट्ट बुचाची लिटरभराची बाटली ठेवा. ती फ्लोटला, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या भागाला, अडू देऊ नका. वीट मात्र नको, तिचा भुगा व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

आणि काहीही विकत घेण्याआधी टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी आतून झिरपते आहे. आधी तिचं पाणी अडवणारं रबर बदला.