डिझेल पिकअपचा टर्बो बूस्ट: रॉड फिरवावा, बॉक्स लावावा, रिमॅप करावा की आधी होज बदलावा?

रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढणारी बोलेरो पिकअप आणि शनिवार-रविवारी चिखल तुडवायला काढलेली इसुझूची व्ही-क्रॉस, दोन्हीच्या मालकांचं मागणं एकच असतं: टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, जरा वाढवून द्या. गॅरेजवाला म्हणतो, होऊन जाईल. होतंही. पण त्याच्या वाटा चार आहेत आणि चारही एकाच गाडीला मानवत नाहीत.

खिशात हात घालण्याआधी एवढं बघा, की गाडी नेमकी कुठल्या आरपीएमला मार खाते. बहुतेक तक्रारी 1500 च्या खालच्या असतात. वळणावर वेग पडतो, खालचा गियर टाकायचा कंटाळा येतो, तिसऱ्यातच पाय दाबला जातो आणि गाडी जागच्या जागी गुदमरते. त्या आरपीएमला टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टने फिरणारं चाक) जोरात फिरवण्याइतका एक्झॉस्ट निघतच नाही आणि वेस्टगेट, म्हणजे बूस्ट फार चढू नये म्हणून जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारं दार, तेव्हा बंदच असतं. बंद असलेलं दार अजून उशिरा उघडायला लावून हाती काय लागणार? कमाल बूस्ट वाढवल्याचा फरक कळतो तो वर, दोन हजारांच्या पुढे.

दुसरं, डिझेल इंजिनात ताकद येते ती जास्त डिझेल जाळल्याने. हवा ते नीट जळायला लागते. नुसती हवा वाढवली तर धूर कमी होईल, एक्झॉस्टचं तापमान थोडं उतरेल, पण ओढ फारशी वाढणार नाही. म्हणून "बूस्ट वाढवून देतो" म्हणणाऱ्याला लगेच विचारायचं: आणि डिझेल कोण वाढवणार?

आहे तोच बूस्ट परत मिळवणं

ही वाट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी रुबाबाची, त्यामुळे कुणी सुचवत नाही. माझं मत स्पष्ट आहे: लाखभर किलोमीटर झालेल्या पिकअपला पहिला उपाय हाच.

इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजचे सांधे बोटाने पुसून पाहा. टर्बोकडून थोडा तेलकटपणा हवेबरोबर पुढे येतच असतो. जिथून हवा निसटते तिथे तो तेलकटपणा बाहेर झिरपतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि क्लिपच्या कडेला काळपट ओलसर पट्टा तयार होतो. होजची खालची बाजू तर हमखास बघा. ती ब्रॅकेटला घासून चिरते आणि ही चीर आयडलला दिसत नाही. लोडवर होज फुगला की ती उघडते आणि सूंऽऽ असा आवाज येतो. ज्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) एअर फिल्टरजवळच्या सेन्सरने हवा मोजतो, तिथे मोजलेली हवा वाटेतच गळते, ईसीयू मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो आणि काळा धूर निघतो. ज्या गाडीत फक्त मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी पोचलेल्या हवेचा, दाब मोजला जातो, तिथे ईसीयू डिझेलच कमी करतो. मग धूर नाही आणि दमही नाही. तक्रार वेगळी, दुखणं एकच.

व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या व्हेरिएबल टर्बोमध्ये वेस्टगेट नसतं. टर्बाइनभोवतीच्या पाती कमी-जास्त उघडून बूस्ट ठरतो. सतत शहरात, कमी आरपीएमला फिरणाऱ्या गाडीत या पातींवर काजळी बसून त्या अडकतात. अ‍ॅक्च्युएटर (पाती हलवणारा भाग) व्हॅक्यूमवर चालणारा असेल, तर हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघता येतं: रॉड न अडखळता आत गेला पाहिजे आणि पंपाची सुई जागेवर राहिली पाहिजे. सुई पडत असेल तर आतला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटलाय किंवा पातळ रबरी नळी कडक होऊन तडकलीय. नळी बदलायला चहाच्या बिलाइतकेही पैसे लागत नाहीत, आणि त्याच आजारासाठी लोक टर्बो बदलून येतात.

स्कॅनर लावला की एक गोंधळ ठरलेला. त्यावरचा आकडा बहुधा वातावरणाचा दाब धरून असतो. मुंबईत इंजिन बंद असतानाही 100 किलोपास्कलच्या आसपास दिसेल, पुण्यात 95 च्या. 100 किलोपास्कल म्हणजे 1 बार. म्हणजे स्कॅनरवर 220 दिसले तर खरा बूस्ट 1.2 बार, 2.2 नव्हे. ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, हे दोन आकडे तिसऱ्या गियरमध्ये चढावर शेजारी शेजारी बघा. ते जुळत असतील तर गाडीत दोष नाही आणि पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

अ‍ॅक्च्युएटरचा रॉड फिरवणं

फक्त वेस्टगेटच्या टर्बोसाठी, आणि खरं तर फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी. वेस्टगेटच्या लिव्हरच्या पिनवरची सर्क्लिप काढायची, रॉड सुटा करायचा, लॉकनट सैल करून टोक अर्धा फेरा आत घ्यायचं. रॉड आखूड झाला की स्प्रिंगवर ताण वाढतो, वेस्टगेट उशिरा उघडतं, बूस्ट चढतो. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर गेज बघायचा. गेजशिवाय रॉडला हात लावणारा फिटर कितीही जुना असला तरी त्याला गाडी देऊ नये.

मेकॅनिकल पंपावर बूस्टच्या दाबाने डिझेल वाढवणारा डायफ्रॅम असेल, तर पंपवाल्याकडून तोही जुळवून घेता येतो. तिथे हा उपाय पूर्ण होतो. कॉमनरेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल जातं आणि किती ते ईसीयू ठरवतो तिथे, मात्र रॉड फिरवणं म्हणजे ईसीयूशी भांडण. त्याला ठरल्यापेक्षा जास्त दाब दिसला की तो पी0234 हा कोड टाकतो, डिझेल कापतो, गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे जेमतेम रांगण्यापुरत्या ताकदीवर, जाते. घाटाच्या मध्यावर, भरल्या गाडीनिशी, मागे एसटी हॉर्न मारत असताना.

काही जण रॉडऐवजी अ‍ॅक्च्युएटरच्या नळीत छोटा व्हॉल्व्ह बसवतात. तो थोडी हवा बाहेर सोडून अ‍ॅक्च्युएटरला फसवतो. पूर्ववत करायला सोपा, हा त्याचा गुण. पण ती नळी निसटली तर वेस्टगेट उघडणारच नाही आणि बूस्टला वरची मर्यादाच उरणार नाही. व्हॅक्यूमवाल्या व्हेरिएबल टर्बोत उलट असतं: नळी निसटली तर पाती उघड्या राहतात, गाडी नुसती मलूल होते. व्हेरिएबल टर्बोच्या पाती किती मिटाव्यात हे ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला तर हात लावूच नये. तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो.

लडाखला जाणाऱ्यांनी रॉडचा नाद मुळीच करू नये. दाबाने उघडणारा अ‍ॅक्च्युएटर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब धरतो, तो उंची ओळखत नाही. 1.2 बार बूस्ट समुद्रसपाटीला म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण सव्वादोन पट दाब. खारदुंगला खिंडीत हवेचा दाब जवळपास निम्मा असतो. तिथे तेवढाच बूस्ट धरायला कॉम्प्रेसरला (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाला) सव्वातीन पट दाबावं लागतं, म्हणजे टर्बोला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं. ईसीयूच्या ताब्यातला टर्बो उंचीवर मर्यादा खाली आणतो. रॉडला ते कळत नाही.

ट्यूनिंग बॉक्स

सेन्सरच्या कनेक्टरमध्ये घालायची डबी. बहुतेक बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा आकडा कमी करून सांगतात, ईसीयू रेलचा दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून जास्त डिझेल पडतं. काही बॉक्स बूस्टचा आकडाही कमी दाखवतात. अर्ध्या तासात बसतो, सर्व्हिसला जाताना काढता येतो, गाडी विकताना पुढच्या गाडीला लावता येतो. म्हणूनच खपतो.

मला तो आवडत नाही. खोट्या आकड्यांवर चालणाऱ्या ईसीयूला खरा दाब कळतच नाही, म्हणजे ओव्हरबूस्टपासून वाचवणारा पहारेकरीच झोपवलेला. आधीच हजार-दोन हजार बारच्या घरात काम करणारा पंप आणि इंजेक्टर अजून ताणले जातात. त्यात डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला, तर इंजेक्टरचं बिल बॉक्सच्या किमतीला लाजवतं.

रिमॅप

म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदलणं. इथे डिझेल, बूस्ट, इंजेक्शनची वेळ, धुराची मर्यादा आणि टॉर्कची मर्यादा एकत्र बदलतात, म्हणून चौघांत तांत्रिकदृष्ट्या हाच रास्त. व्हेरिएबल टर्बोत पाती कमी आरपीएमला जास्त मिटून बूस्ट लवकर आणता येतो. म्हणजे वर सांगितलेल्या घाटातल्या तक्रारीवर थोडंफार उत्तर असलेला हा एकच बदल. बीएस6 मधली 1.9 लिटरची व्ही-क्रॉस मुळात 163 पीएस आणि 360 न्यूटन मीटर देते, 2.8 लिटरची हायलक्स 204 पीएस. यात पंधरा-वीस टक्के वाढ कागदावर छान दिसते. पण क्लच तोच, गिअरबॉक्स तोच, इंटरकूलरही तोच. विदर्भातल्या मे महिन्यात तो इंटरकूलर आधीच हात टेकलेला असतो.

डीपीएफच्या (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) गाडीत जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी, फिल्टर लवकर भरतो, रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, वारंवार होतं. "डीपीएफ काढूनच टाकू" असं कुणी सुचवलं तर तिथून निघा. वॉरंटी कंपनी नाकारू शकते, विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बॉक्सवालेही यातून सुटत नाहीत.

मालवाहू पिकअपवाल्याला माझं सांगणं: होज, क्लिपा, फिल्टर, अ‍ॅक्च्युएटर, बस. भरलेली गाडी दहा-दहा मिनिटं पूर्ण लोडवर चढते. वाढवलेल्या डिझेलची उष्णता पिस्टन आणि टर्बाइनवर तिथेच साचते. एक्झॉस्ट टर्बाइनच्या आधी सलग 700 ते 750 अंशांवर राहू लागला की पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम धोक्यात येतं. मोकळ्या गाडीत तसा प्रसंग क्वचित, काही सेकंदांपुरता येतो.

वॉरंटी संपलेल्या, मोकळ्या फिरणाऱ्या व्ही-क्रॉसच्या मालकाने वरची जोखीम समजून-उमजून रिमॅपच करायचं ठरवलं असेल, तर ट्यूनरकडे नुसत्या डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर भुलू नये. आधीचा आणि नंतरचा लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदलेले आकडे, मागावा: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, रेल प्रेशर, एक्झॉस्टचं तापमान, तेही चढावरचं. कमी वाढीची फाइल मागावी. आणि मूळ फाइलची प्रत पैसे देण्याआधी स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्यावी.