टोस्टमास्टर्स क्लब: भाषणासाठी जा, मूल्यमापनासाठी टिकून राहा

चांगलं काम करणाऱ्याला एक दिवस टीम लीड करतात. मग पहिल्याच अप्रेझलला लक्षात येतं, की समोरच्याला त्याची चूक कशी सांगायची हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. टोस्टमास्टर्स क्लब म्हणजे सदस्यांनी नियमित सभांत एकमेकांसमोर भाषणाचा सराव करायची जागा. इथे बहुतेक जण स्टेजची भीती घालवायला येतात. सरावाने ती कमी होतेच. पण नोकरीत वर चढणाऱ्याला इथून खरं काही न्यायचं असेल, तर ते आहे मूल्यमापन, म्हणजे दुसऱ्याच्या भाषणावर अभिप्राय देणं.

१९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या या संस्थेत तयार भाषणाला मूल्यमापक नेमलेला असतो. भाषण साधारण ५ ते ७ मिनिटांचं: पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. मूल्यमापकाला २ ते ३ मिनिटंच मिळतात. तेवढ्यात काय जमलं, काय राहिलं आणि पुढच्या वेळी नेमकं काय करायचं, हे सगळ्यांसमोर सांगायचं, तेही माणूस न दुखावता. ‘आवाजात चढउतार हवा’ एवढ्याने कुणाचंच भलं होत नाही. ‘नोकरी सुटल्याचं वाक्य तुम्ही आधीच्याच वेगात बोलून गेलात. त्याआधी दोन सेकंद थांबा’ असं सांगितलं, की पुढच्या भाषणात फरक दिसतो.

संस्थेच्या ‘पाथवेज’ अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पातळीत यासाठी प्रकल्प आहे: भाषण करा, अभिप्राय घ्या, तो वापरून पुन्हा भाषण करा आणि मग दुसऱ्याचं मूल्यमापन करा. पातळ्या पाच आहेत. प्रमाणपत्राच्या घाईत हा प्रकल्प उरकू नका.

सभेतल्या ‘टेबल टॉपिक्स’ या भागात ऐनवेळी विषय मिळतो आणि १ ते २ मिनिटं बोलायचं असतं. मीटिंगमध्ये अचानक ‘तुमचं काय मत?’ विचारलं की तत-पप होणाऱ्यांनी हे चुकवू नये.

नेतृत्व मात्र भाषणांतून येत नाही, ते पदावर बसून येतं. क्लबच्या कार्यकारिणीत सात पदं असतात. त्यातलं शिक्षण उपाध्यक्षपद सगळ्यात घाम काढणारं. दर सभेला वक्ते, मूल्यमापक, टायमर यांची जुळवाजुळव करायची आणि आदल्या रात्री कुणी ‘जमत नाही’ म्हटलं की बदली शोधायची. पगार तुमच्या हातात नाही, बढती नाही. तरी लोकांकडून काम करून घेणं इथे सहा महिन्यांत अंगवळणी पडतं.

क्लब बिघडतो तो गोडगोड बोलण्याने. ‘फार छान, ऑल द बेस्ट’ एवढंच मूल्यमापन होत असेल, तर तिथे वर्ष घालवूनही माणूस जिथल्या तिथे राहतो. कंपनीतल्या क्लबात आणखी एक अडचण: वक्ता साहेब असेल तर खरं बोलायला जीभ रेटत नाही. अशांनी बाहेरचा क्लब धरावा.

मुख्यालयाची वर्गणी सहा महिन्यांना ६० डॉलर, नव्या सदस्याला एकदाच आणखी २० डॉलर. काही क्लब वर स्वतःची रक्कम लावतात. आधी दोन-तीन सभांना पाहुणे म्हणून बसा. भूमिका आधीच ठरलेल्या आहेत का, सभा वेळेवर संपते का, ते बघा. आणि मूल्यमापक बोलत असताना वक्त्याकडे नजर टाका: तो काही लिहून घेतोय का?