गॅरेजची डागडुजी आणि दहा महिन्यांचा वापर: ३१,६०० रुपये कुठे सत्कारणी लागले, कुठे नाही

अमळनेरला आमच्या घराला लागून १० बाय १८ फुटांचं पत्र्याचं गॅरेज आहे. दोन दुचाक्या, नानांचा फवारणी पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, पापडाचे पाट, कुरडयांचा सोऱ्या, आणि घरात जिला जागा नाही अशी प्रत्येक वस्तू तिथे. फेब्रुवारीत काम काढलं, होळीच्या आत उरकलं. आता डिसेंबर आहे. खान्देशातलं ऊन आणि पाऊस दोन्ही अंगावर घेऊन झाल्याशिवाय लिहायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं.

आधी हिशेब सांगतो. जमीन १५,५००, छत ४,८००, दोन जुने लोखंडी रॅक ५,२००, वायरिंग २,९००, हवेसाठी जाळ्या १,८००, प्लास्टिकचे डबे १,४००. निम्मा पैसा जमिनीत गेला म्हणून घरात कुरबूर झाली. माझ्या मनातही आधी रॅकच होते. भिंतभर रॅक लावले की गॅरेज लागलं, अशी माझी समजूत. पण मिस्त्रीने जुनी शहाबादी फरशी पायाने दाबून दाखवली. ती डुगडुगत होती. त्याने एक फरशी उचलली, खालच्या मातीत बोट जाईल एवढी भेग. "आठे मुरूम टाकनाच पडी," म्हणजे इथे मुरूम टाकावाच लागेल, एवढंच तो म्हणाला.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा हा स्वभावच आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. तिच्यावर थेट फरशी बसवली की दर वर्षी वर-खाली होणारच, आणि तिच्यावर उभा केलेला रॅकही कलणार. म्हणून फूटभर माती काढून टाकली. खोदकाम मी आणि नानांनी दोन रविवार एक मजूर घेऊन केलं, तेवढी मजुरी वाचली. माती परसातल्या वाफ्यांना गेली. दोन ब्रास मुरूम दोन थरांत टाकला, प्रत्येक थर पाणी मारून धुमसने ठोकला, त्यावर चार इंच काँक्रीट. दाराकडे दोन इंच उतार ठेवला. वर ओली पोती टाकून दहा दिवस पाणी मारलं. फेब्रुवारीतही दुपारचं ऊन चांगलंच लागतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ एकही पाळी चुकवली नाही.

दहा महिन्यांनंतर जमिनीवर एकच केसाएवढी चीर आहे, शटरच्या डाव्या कोपऱ्यात. मे महिन्यात दिसली, त्यानंतर वाढलेली नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण करतो, सगळ्या खुणा एकाच जागी आहेत. पावसाळ्यात गाडी धुतली तरी पाणी दाराबाहेर जातं. एवढ्यासाठी पुन्हा १५,५०० द्यायला लागले तरी देईन.

छताचं काम स्वस्तात मोठा फरक करून गेलं. आदल्या उन्हाळ्यात पत्र्यांना चुना लावला होता, तो मृगाच्या पहिल्याच पावसात ओघळून गेला. या वेळी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, गंजलेल्या जागी रेड ऑक्साईड, वर छतासाठी मिळणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. पूर्वी मे महिन्यात दुपारी दोनला स्टुलावर चढून पत्र्याला खालून हात लावला तर लगेच मागे घ्यावा लागायचा. यंदा पारा ४४ वर असताना नानांनी तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी बायकोने आणि शेजारच्या काकूंनी उडदाचे पापड गॅरेजातच लाटले, कारण घरापेक्षा तिथली जमीन गार लागत होती.

रंग लावतानाच पत्रे आवळणारे जे-बोल्टही तपासून घ्या. आमचे जुने डांबरी वॉशर उन्हात वाळून चिरले होते, सगळे काढून रबरी बसवले. तरी जुलैत पश्चिमेचा तिरपा पाऊस आला तेव्हा दोन पत्र्यांच्या जोडावर थेंब धरला. तो जोड मी आधी नीट पाहिलाच नव्हता. आता सीलंटची पट्टी लावली आहे, त्यानंतर कोरडं.

रॅक धुळ्यात बंद झालेल्या एका दुकानातून घेतले. भोकांच्या अँगलचे, पत्रा जाड. घेताना कोपऱ्याच्या त्रिकोणी पट्ट्या आहेत का ते बघा. त्या नसतील तर रॅक बाजूला झुलतो. आमच्या एका रॅकला नव्हत्याच, बनवून घ्याव्या लागल्या. आणि रॅक भिंतीला अँकर फास्टनरने आवळा. वर सामान आणि खाली खेळणारी मुलं असतील तर हे टाळू नका.

डबे मात्र चुकले. पातळ प्लास्टिकचे आठ डबे वरच्या कप्प्यात, म्हणजे पत्र्याच्या अगदी जवळ ठेवले. मे संपेपर्यंत झाकणं वाकडी झाली, दोन डबे काठावर तडकले. १,४०० रुपये वाया गेले. त्यांच्या जागी तेलाचे १५ किलोचे रिकामे पत्र्याचे डबे एका बाजूने कापून, कडा ठोकून आत वळवून लावले आहेत. नट-बोल्ट, ठिबकचे जोड, पाने, सगळं त्यात बसतं. निघालेल्या शहाबादी फरशांपैकी धड असलेल्या विटांच्या टेकूंवर ठेवून खालचा कप्पा केला. ऑईलचे कॅन, बॅटरी असलं जड सामान तिथे. लाकडाची फळी थेट जमिनीवर ठेवली असती तर वाळवीने सोडली नसती.

वायरिंगमध्ये जास्त भार आला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी आणि शॉक लागल्यास वीज तोडणारा आरसीसीबी घेतला. त्यात काटकसर केली नाही.

फवारणीची औषधं आता कुलूप असलेल्या लोखंडी पेटीत आहेत, पापडाच्या सामानापासून पूर्ण लांब. पूर्वी ती उघड्या कप्प्यात असायची, याचं आज वाईट वाटतं. पेट्रोल कॅनमध्ये साठवणं बंदच केलं. पत्र्याखालच्या उन्हात त्याची वाफ बंद जागेत कोंडते.

उंदरांचा प्रश्न अर्धाच सुटला. जाळ्यांच्या मागे बारीक तारेची जाळी मारली, तिकडून काही येत नाही. पण शटरखाली बोटभर फट आहे, आणि सप्टेंबरात स्कूटीची वायर कुरतडली गेली. शटरला खालून रबराची पट्टी लावायची आहे, माप घेऊन ठेवलंय. छताला रंगाचा आणखी एक हात आखाजीच्या आधी देईन, कारण पश्चिमेच्या बाजूचे पत्रे आत्ताच फिके पडायला लागलेत.