लीचेस: 'खेळा'चं बटण शेवटी दाबा, आधी 'सराव' उघडा

बुद्धिबळात पुढं जायचंय आणि जवळपास शिकवणारं कुणी नाही, अशी गत असेल तर मोबाईलवर लीचेस ही बुद्धिबळाची फुकट वेबसाइट उघडा, तिचं ॲपही आहे. तिथं सगळे डाव खेळायला जातात. माझ्या मते त्याचा खरा कस सराव विभागात आहे, आणि त्यातही एंडगेममध्ये, म्हणजे पटावर मोजकी मोहरी उरल्यावरच्या डावाच्या शेवटात.

माझं खानापुरात औषधाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की समोरच्या गल्लीतले अण्णा येतात. पोस्टातून निवृत्त झालेत, घरी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठीत भांडतात. काउंटरवर लाकडी पट मांडला की दोन-तीन शाळकरी पोरंही येऊन उभी राहतात. बेळगावात शिकवण्या आहेत, पण शाळा करून तिथं जायचं-यायचं म्हणजे पोरांचा दिवस संपला. म्हणून मी लीचेस पोरांना दाखवायच्या आधी स्वतः मन लावून वापरलं.

२०१० साली फ्रान्समधल्या तिबो द्युप्लेसी यांनी ते सुरू केलं. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, खर्च देणग्यांतून भागतो. जाहिरात नाही आणि 'पुढचा धडा पैसे भरल्यावर' असला प्रकारही नाही. भाषांच्या यादीत मराठी आहे.

आता मुद्द्याचं. सराव विभागात प्याद्यांचे एंडगेम आणि हत्तींचे एंडगेम असे वेगळे धडे आहेत. पटावर मोजकी मोहरी, वर एक ओळ: जिंका, किंवा बरोबरी करा. समोर स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्राम. ते आळसानं खेळत नाही, तुमची चाल ढिली पडली की डाव सुटतो. पुस्तकात आकृती बघून 'कळलं' म्हणणं सोपं असतं. इथं ते करून दाखवावं लागतं, आणि एवढ्यासाठीच हा विभाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

एक उदाहरण घ्या (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या ओळीचा). पांढरा राजा ई-६ वर, त्याचं प्यादं ई-५ वर, काळा राजा ई-८ वर. चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. हेच सगळं एक घर खाली सरकवा: पांढरा राजा ई-५, प्यादं ई-४, काळा राजा ई-७. आता चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढऱ्याची जीत. एका घराचा फरक, आणि निकाल चाल कुणाची यावर. राजे समोरासमोर आले की ज्याला हलावं लागतं तो वाट सोडतो, हे पोरांना तोंडानं सांगून पटत नाही. चार वेळा डाव हातचा गेला की पटतं.

हत्तींच्या एंडगेममध्ये दोन जागा हाताला सवयीच्या झाल्याच पाहिजेत. पहिली लुसेना, म्हणजे जिंकायची जागा: दोघांकडं एकेक हत्ती, आपलं प्यादं वजीर व्हायला एकच घर उरलेलं, पण आपला राजा वजीर होण्याच्या घरात प्याद्यापुढं अडकलेला, शत्रूचा राजा बाजूला तोडलेला. हत्ती चौथ्या ओळीवर आणायचा, राजा बाहेर काढायचा आणि शह येऊ लागले की तोच हत्ती मध्ये घालायचा. दुसरी फिलिडोर, म्हणजे बचाव: प्यादं समोरच्याकडं असतं, आपला हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीवर धरून समोरच्या राजाला पुढं येऊ द्यायचं नाही, आणि प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती पार टोकाला नेऊन मागून शह देत बसायचं. अण्णांना फिलिडोर आल्यापासून त्यांचा एक प्याद्यानं मागं असलेला डाव मला सहजी जिंकता येत नाही. याचा मला आनंदच आहे, काउंटरवरचा खेळ त्यामुळे सुधारलाय.

घोडा आणि उंटानं मात करायचा धडाही तिथं आहे. तो मागं ठेवा. तशी वेळ क्वचितच येते, हत्ती-प्यादी मात्र रोज भेटतात.

एंडगेम आधी का, असं पोरांचे आईवडील विचारतात. त्यांना मी सिंगापूरचा १२ डिसेंबर २०२४ चा डाव दाखवतो. गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. गुकेशकडं काळी मोहरी आणि एक प्यादं जास्त, दोघांकडं एकेक हत्ती, एकेक उंट. डाव बरोबरीकडं चाललेला. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा उंट कोपऱ्यात होता, त्यामुळे लगेच उंटांचीही अदलाबदल करायला लागली. उरले राजे आणि प्यादी. अठ्ठावन्नाव्या चालीला काळा राजा पांढऱ्याच्या समोर येऊन उभा राहिला आणि डिंगनं डाव सोडला. पटावर शेवटी उरलं ते वर सांगितलेलं समोरासमोरचंच गणित. मोहरी कधी मारामारीत घालवायची आणि कधी राखायची, हे शेवट माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही. जुना जगज्जेता कापाब्लांका तर अभ्यासाची सुरुवातच एंडगेमपासून करा म्हणायचा.

टॅक्टिक्सची, म्हणजे दोन-चार चालींत मोहरं किंवा मात मिळवायच्या डावपेचांची कोडी लाखोंनी आहेत, सगळी माणसांच्या खऱ्या डावांतून काढलेली. पिन (मोहरं हललं की मागचं मोठं मोहरं उघडं पडतं), फोर्क (एका मोहऱ्यानं दोघांवर हल्ला), उघडा हल्ला (एक मोहरं हलवून मागच्याचा हल्ला मोकळा करणं), दोन चालींत मात असे विषय निवडून सोडवता येतात, आणि कुठल्या विषयात तुम्ही कच्चे आहात ते डॅशबोर्डवर दिसतं. एक सावधगिरी मात्र सांगतो. कोडं समोर आलं की 'इथं काहीतरी आहे' हे आधीच कळलेलं असतं. खऱ्या डावात असं कुणी सांगत नाही. म्हणून पोरांना मी विषय न निवडता मिसळ कोडी देतो आणि सगळी चालमाला बोलून दाखवल्याशिवाय बोट लावू देत नाही. तीन मिनिटांत होतील तितकी सोडवायचं 'स्टॉर्म' पोरांना फार आवडतं. डोळा तयार होतो, पण विचार करायची सवय त्यानं लागत नाही. आठवड्यातून थोडं पुरे.

शैलीबद्दलही माझं मत याच अंगानं बनलंय. अण्णा वजीर लवकर मारामारीत घालवतात, मला हल्ला आवडतो. पोरं विचारतात, ताल चांगला की पेट्रोशियन? ताल १९६० मध्ये बोटविनिकला हरवून जगज्जेता झाला तो बळी देत देत. पेट्रोशियन १९६३ मध्ये झाला तो समोरच्याचे बेत आधीच मोडत. दोघांचेही डाव लीचेसच्या 'स्टडी'त, म्हणजे डाव साठवून अभ्यासायच्या वहीत घालून चाल-चाल थांबत बघता येतात. पण आपली शैली ठरवायची घाई नको. ज्याला शेवटाचा भरवसा नाही तो वजीर बदलायलाच घाबरतो आणि त्या भीतीला आक्रमक शैली म्हणतो. न्यूयॉर्क १९२४ चा कापाब्लांका-टार्टाकोवर डाव बघा. प्यादी शहासकट जाऊ दिली आणि राजा थेट एफ-६ वर नेऊन बसवला. हे शांत खेळणं म्हणायचं की हल्ला?

उणिवा आहेत. सरावाच्या धड्यांत समजावून सांगणं फार कमी, नवख्या पोराशेजारी कुणीतरी बसायला हवं. इंजिन आकडा दाखवतं, कारण सांगत नाही. सात किंवा कमी मोहरी उरली की टेबलबेस, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या निकालांचा साठा, अचूक निकाल देतो, पण तोही 'का' सांगत नाही. यासाठी लाकडी पट जवळ हवाच.

पावसाळ्यात आमच्याकडं रेंजचा भरवसा नसतो. ॲपमध्ये कोडी आधी उतरवून ठेवली की ऑफलाइन चालतात, कॉम्प्युटरशी डावही खेळता येतो. सुरुवात करणाऱ्यानं प्याद्यांचे धडे, मग लुसेना-फिलिडोर, मग मिसळ कोडी, असा क्रम धरावा. डाव खेळायचे तर दहा मिनिटांच्या खाली जाऊ नका, आणि हरलेला डाव 'चुकांमधून शिका' मध्ये उघडल्याशिवाय दुसरा सुरू करू नका.