ग्लुकोमीटर सात-आठ महिने वापरल्यावर

बाबांसाठी घेतलेलं ग्लुकोमीटर, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र, सात-आठ महिने रोज वापरात आहे म्हणून सविस्तर लिहितोय. दुकानात सगळे मीटरचंच विचारतात, स्क्रीन मोठी आहे का, मोबाईलला जोडता येतं का, पण खरं काम करते ती रक्ताचा थेंब लावायची पट्टी. तिच्यात बारीक इलेक्ट्रोड (वीज वाहून नेणारे भाग) असतात आणि त्यावर वाळवलेलं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन), आमच्या पट्टीत ग्लुकोज ऑक्सिडेज आहे. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची रिअ‍ॅक्शन झाली की इलेक्ट्रॉन निघतात, ते मध्यस्थ रसायन इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं आणि मीटर फक्त तो करंट मोजतं. लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेली ही कल्पना आज पाच सेकंदात घरबसल्या आकडा देते, मला तर याचं फार कौतुक आहे.

आंब्याच्या दिवसांत बाबांनी सगळ्यांना हापूस कापून दिला, हात फडक्याला पुसले आणि बोट टोचलं, आकडा आला २८७! आई घाबरलीच. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून परत घेतलं तर १४२. बोटाला लागलेल्या रसातलं ग्लुकोज पण एन्झाइम मोजणारच ना. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, हात धुवायलाच हवेत.

पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, पट्ट्या दुसऱ्या डबीत काढायच्या नाहीत, कारण ओल शोषणारा पदार्थ त्याच डबीत असतो. फ्रीजमध्येही नको.

लॅबशी जुळतं का, हे सगळे विचारतात. उपाशीपोटी लॅबमध्ये ११८ आणि मीटरवर १२७ आलं, मला हे चांगलंच वाटलं, कारण आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३च्या नियमात १००च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. जेवणानंतर तुलना करू नका, लॅब शिरेतलं रक्त घेते आणि तेव्हा बोटातली शुगर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते. घरात कोणाला अ‍ॅनिमिया असेल तर बऱ्याच मीटरवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, डॉक्टरांना सांगून ठेवा. आणि पोटाचं डायलिसिस चालू असेल तर आधी विचाराच, त्याच्या काही द्रावणांमुळे रक्तात माल्टोज नावाची वेगळी साखर वाढते आणि काही पट्ट्या तीही ग्लुकोज म्हणून मोजतात, मग खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं जातं, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २००९ मध्ये याबद्दल इशारा दिलाय.

तक्रार एकच, खर्च. मीटर स्वस्तात मिळतं पण पट्ट्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात, त्यामुळे आपल्या मेडिकलवाल्याकडे ज्याच्या पट्ट्या कायम मिळतात तेच मीटर घ्या, आणि डबी उघडली की तारीख पेनाने वर लिहा.