छोट्या आयएसपीच्या (इंटरनेट पुरवठादाराच्या) सर्व्हरची पार्टिशनं: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

भांडुपमधली साधारण २,००० कनेक्शनं आणि एकच मुख्य सर्व्हर. डेबियन लिनक्सवर फ्रीरेडियस (ग्राहकांचं लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), ग्राहकांचं पोर्टल आणि नॅटचे लॉग (कोणत्या ग्राहकाने कोणता सार्वजनिक आयपी पत्ता कधी वापरला त्याच्या नोंदी). ९६० जीबीच्या दोन एसएसडी, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, दोन्ही जोड्या रेड १ मध्ये (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा), वर एलव्हीएम (नंतर आकार बदलता येणारे भाग, म्हणजे व्हॉल्यूम, पाडायची सोय). पावसाळाभर ही मांडणी चालवल्यावर मत पक्कं आहे: पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग, पाडताना आकाराच्या आधी विचारायचं, की हे भरलं तर काय बंद पडेल?

डेटाबेसची जागा संपली की मारियाडीबी लिहिणं थांबवून वाट पाहत बसतो आणि रेडियसकडून उत्तरं जाईनाशी होतात. जोडलेले ग्राहक चालू राहतात, म्हणून तासभर कोणाला पत्ताच लागत नाही. मग वीज जाऊन येते, सगळे राउटर एकदम पीपीपीओई डायल करतात (म्हणजे नव्याने लॉगिन करतात) आणि अख्खी गल्ली फोन करते. म्हणून डेटाबेस वेगळा, २०० जीबी. बिनलॉगही (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) वेगळा, ४० जीबी: अकाउंटिंगचा (प्रत्येक ग्राहकाच्या वापराचा) अपडेट दर ५ मिनिटांनी घेतला तर दिवसाला ५,७६,००० नोंदी बदलतात आणि प्रत्येक बदल बिनलॉगमध्ये जातो. तो किती दिवस ठेवायचा ते कॉन्फिगमध्ये लिहाच, नाहीतर तो वाढतच राहतो.

बाकी एसएसडीवर रूट (मूळ सिस्टिम) ३०, व्हार (/var, सेवांचा बदलता डेटा) २०, व्हार-लॉग (/var/log) ६०, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) ८ जीबी. उरलेली पाचशेहून जास्त जीबी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात) मोकळीच ठेवली. या मांडणीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. एखादं व्हॉल्यूम भरत आलं की एलव्हीएक्स्टेंड हा आदेश आर (-r) पर्यायासह चालवायचा. फाइलसिस्टिमही सोबत वाढते, सेवा बंद करावी लागत नाही. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू होताना आधी वाचला जाणारा भाग) मात्र दोन्ही एसएसडींवर स्वतंत्र करून दोन्हीकडे बूटलोडर टाका, नाहीतर पहिली डिस्क गेली की रेड असूनही मशीन उठत नाही.

आता हार्ड डिस्क. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, पण आयएसपीच्या परवान्याची अट २ वर्षांची आहे, तेव्हा हिशेब त्याचाच करा. एका घरामागे दिवसाला २०,००० नवी कनेक्शनं आणि ओळीला १५० बाइट धरले तर रोज ६ जीबी, २ वर्षांत ४,३८० जीबी. म्हणजे कच्चे लॉग ४ टीबीत मावतच नाहीत. रोज रात्री कॉम्प्रेस केले की आकार साधारण आठव्या हिश्शावर येतो आणि जागा आरामात पुरते. राउटरला जमत असेल तर प्रत्येक ग्राहकाला पोर्टचा (कनेक्शन ओळखायच्या क्रमांकांचा) ठरावीक गठ्ठा द्या; मग कनेक्शनमागे एक ओळ न पडता गठ्ठ्यामागे एकच पडते. हार्ड डिस्कवर एक्सएफएस (फाइलसिस्टिमचा एक प्रकार) वापरलं. ते नंतर लहान करता येत नाही, म्हणून एसएसडीवर ईएक्सटी४ च ठेवलं.

दोन ठिकाणी फसायला होतं. डीएफ (मोकळी जागा दाखवणारा आदेश) जागा शिल्लक दाखवतो, तरी 'जागा नाही' असा एरर येतो: आयनोड (प्रत्येक फाइलला एक लागणारी नोंद) संपलेले असतात. ईएक्सटी४ डीफॉल्टने दर १६ केबीला एक आयनोड देतो आणि पोर्टलच्या बारीक सेशन फाइल्स ते खाऊन टाकतात. डीएफ, आय (-i) पर्यायासह चालवून पाहा, जुन्या सेशन फाइल्स क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सेवा) उडवा. दुसरं, मोठी लॉग फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, कारण आरसिसलॉगने (लॉग लिहिणारी सेवा) ती अजून उघडी धरलेली असते. लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग बाजूला काढणारं साधन) त्याला हप सिग्नल (फाइल बंद करून पुन्हा उघडायची सूचना) जातोय ना, हे तपासा. अलार्म ८० टक्क्यांवर लावा, जागेचा आणि आयनोडचा वेगवेगळा.